पहिली तिरंदाजी स्पर्धा? आधी ओढलेलं धनुष्य खाली उतरवायला शिका

स्पर्धेत नाव दिलंय, दोन महिने हातात आहेत, आता काय करू? नवीन माणूस हे विचारतो तेव्हा त्याला खरंतर ऐकायचं असतं की कुठले बाण घेऊ आणि किती पौंड वाढवू (धनुष्य ओढायला लागणारं वजन पौंडात मोजतात). मी उलट एकच विचारतो, पूर्ण ओढलेलं धनुष्य बाण न सोडता हळूच परत उतरवता येतं का तुला? बहुतेकजण गोंधळतात. ते कोणी शिकवलेलंच नसतं, किंवा शिकवलेलं असलं तरी सरावात कोणी करत नाही, ओढलंय तर मारून टाकू ही सगळ्यांची सवय.

माझ्या पहिल्या स्पर्धेत मी याच सवयीने मार खाल्ला. सहा एंड बरे गेले (एंड म्हणजे एका खेपेला मारायचे बाण, आउटडोअर रँकिंग राउंडला, म्हणजे क्रम ठरवायच्या फेरीला, बहुतेक सहा असतात), सातव्यात खांदा जड झाला, बाण ओढला, साइट (धनुष्यावरची नेम धरायची खूण) पिवळ्यात, म्हणजे टारगेटच्या मध्यात, ठरेना, क्लिकर (बाण पुरेसा ओढला की टक् वाजणारी पट्टी) निघेना, दहा सेकंद झाले, बारा झाले, हात थरथरायला लागला आणि तरी मी सोडला. तीन गुण. पुढचा रागात मारला, पाच. मग उरलेला दिवस त्या तीनची वसुली करण्यात गेला आणि वसुली काही झाली नाही. घड्याळात तेव्हा भरपूर वेळ शिल्लक होता, मी तिकडे बघितलंच नव्हतं. म्हणून या लेखात जे काही सांगतोय, अंगाचं असो की डोक्याचं, ते शेवटी त्या एका क्षणासाठी आहे, ओढलेला बाण नको म्हणायची ताकद हातात पण पाहिजे आणि मनात पण.

१. आधी काय मारायचंय ते बघा

हे बघायलाच लोक विसरतात. ऑलिम्पिकची रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) ७० मीटरवरून, टारगेट फेस (रंगीत गोलांचा कागद) १२२ सेंटिमीटरचा, त्यातला १० चा गोल १२.२ सेंटिमीटर. कंपाउंड (चाकं आणि केबल असलेलं धनुष्य) ५० मीटरवरून, ८० सेंटिमीटरचा फेस, १० चा गोल ८ सेंटिमीटर. इनडोअर १८ मीटर आणि ४० सेंटिमीटरचा फेस. नवख्यांच्या किंवा लहान वयाच्या गटात अंतर कमी असतं, त्यामुळे आपल्या स्पर्धेचं माहितीपत्रक नीट वाचा आणि सराव त्याच अंतराचा, त्याच फेसचा करा. ७० मीटरच्या रँकिंग राउंडला ७२ बाण असतात, जास्तीत जास्त ७२० गुण, आणि मग एकास एक सामने.

आता साधं गणित करा. ३० पौंडाचं धनुष्य ७२ वेळा ओढलं तर २१६० पौंड होतात, म्हणजे जवळजवळ एक टन. त्यात सुरुवातीचे सरावाचे एंड धरलेले नाहीत आणि पुढचे सामने तर नाहीच नाहीत. शिवाय दर एंडला टारगेटपर्यंत जाऊन बाण काढून परत यायचं, ७० मीटरवर एका खेपेला १४० मीटर, दिवसभरात दोनेक किलोमीटर चालणं उन्हातलं. क्लबमध्ये संध्याकाळी तीस-चाळीस बाण मारून गप्पा मारणाऱ्या माणसाला हे झेपत नाही, मला झेपलं नव्हतं, सातवा एंड म्हणजे बरोबर माझा रोजचा कोटा संपायची जागा होती.

२. पौंड वाढवायचा मोह आवरा

स्पर्धेच्या तोंडावर ड्रॉ वेट, म्हणजे ओढायचं वजन, वाढवू नका. कळतं, बाजूचा ४० पौंड ओढतोय आणि आपण २६ वर आहोत याची लाज वाटते. पण धनुष्य आपल्या ताब्यात आहे की आपण त्याच्या ताब्यात, हे पहिल्या बाणाला कळत नाही, साठाव्याला कळतं. तपासायचं असेल तर रोजचे बाण मारून झाल्यावर धनुष्य ओढा, अँकरला आणा (हनुवटीखाली हात जिथे रोज टेकतो ती जागा), मनात दहा मोजा आणि न थरथरता, खांदा वर न उचलता उतरवा. असं तीनदा लागोपाठ जमलं तर वजन तुमचं आहे. ओढताना धनुष्य आकाशाकडे जात असेल किंवा उतरवताना हिसका बसत असेल तर वजन जास्त आहे, एक जोडी हलके लिंब (धनुष्याचे वाकणारे वरचा-खालचा भाग) लावा आणि गप्प बसा. लवकर वाढवलेल्या पौंडांची किंमत खांदा देतो, आणि खांद्याचं दुखणं एकदा लागलं की महिनोन्महिने पाठ सोडत नाही.

३. अंगाची तयारी

जिममध्ये छाती आणि दंड फुगवून तिरंदाजी सुधारत नाही, उलट छातीचे स्नायू आखडले की खांदे पुढे येतात आणि ओढणं अवघड होतं. आपल्याला हवेत पाठीचे वरचे स्नायू, दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमधले आणि फऱ्यांना जागेवर धरून ठेवणारे. रबर बँड हे सगळ्यात कामाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित सामान. कोपर कमरेला चिकटवून बँड बाहेरच्या बाजूला ओढणं, दोन्ही हात समोर धरून बँड छातीपर्यंत फाडल्यासारखं उघडणं, आणि रोइंग म्हणजे बँड कुठेतरी अडकवून कोपरं मागे खेचत फऱ्या जवळ आणणं, हे तीन प्रकार पंधरा-पंधराचे दोन-तीन सेट, आठवड्यातून तीन दिवस. दोन्ही बाजूंनी करा हं, तिरंदाजी एकांगी खेळ आहे, वर्षभर एकाच बाजूने ओढलं की पाठ वाकडी वागायला लागते. सोबत प्लँक, साइड प्लँक, स्क्वॉट. पाय कशाला असं वाटेल, पण वाऱ्यात साइट हलते तेव्हा अर्ध्या वेळा हलतंय ते कमरेखालचं असतं.

चालणं, सायकल, पोहणं, काहीही असो पण आठवड्यातून तीन दिवस अर्धा-पाऊण तास दम लागेल असं करा. याचा फायदा असा की टारगेटवरून चालत परत आलात की नाडी पटकन खाली येते, आणि पुढचा बाण धापा टाकत मारावा लागत नाही.

बाणांची संख्या हळूहळू वाढवा. आज चाळीस मारताय तर पुढच्या आठवड्यात पन्नास, त्याच्या पुढच्या आठवड्यात साठ, आणि दर चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी. स्पर्धेच्या तीन आठवडे आधीपर्यंत एका दिवसात शंभरेक बाण नीट मारता आले पाहिजेत, निदान आठवड्यातून एकदा तरी. नीट हा शब्द महत्त्वाचा, कारण थकल्यावर मारलेले पन्नास वाकडे बाण म्हणजे वाकडं मारायचा पन्नासदा केलेला सराव.

आता मुख्य व्यायाम. कोणताही बाण न सोडता फक्त धनुष्य धरायचं: ओढा, अँकर, ३० सेकंद धरा, उतरवा, एक मिनिट आराम, परत. आठ-दहा वेळा. सुरुवातीला पंधरा सेकंदांत घाम फुटेल, तेवढंच करा. हे टारगेटसमोर उभं राहून करा आणि दोरी बोटातून निसटू देऊ नका, कारण बाण न लावता सोडलेली दोरी धनुष्य मोडू शकते, लिंब तडकतात, कंपाउंडचे तर कॅम (टोकांची चाकं) आणि केबल जातात. हातांना अडकवायचा सुरक्षेचा पट्टा मिळतो तो लावून केलं तर उत्तम.

वॉर्मअप टाळू नका एवढंच सांगतो. पाच मिनिटं हातपाय हलवणं, खांदे फिरवणं, मग बँड ओढणं, मग धनुष्य.

४. उतरवणं, प्रत्यक्ष कसं

बाण टारगेटच्याच दिशेला ठेवायचा, हे पहिलं, म्हणजे चुकून सुटला तरी तिथेच जाईल. मग ओढणारं कोपर ज्या वाटेने मागे गेलं त्याच वाटेने पुढे आणायचं, सावकाश, पाठीने वजन धरून. धनुष्याचा हात दुमडायचा नाही, तो सगळ्यात शेवटी खाली येतो. बोटं दोरीवर शेवटपर्यंत घट्ट. कंपाउंडवाल्यांनी जास्त जपायचं, कारण त्यात ओढलेल्या स्थितीत वजन कमी लागतं आणि उतरवताना एकदम पूर्ण वजन अंगावर येतं, पुढे खेचले जाता, दोरी सोडायच्या ट्रिगरपासून बोट लांब ठेवा.

सरावात नियम करा: दर एंडला एक तरी बाण मुद्दाम उतरवायचा, चांगला ठरलेला असला तरी. हा चांगला ठरलेला असला तरीचा भाग लोकांना फार जड जातो. साइट पिवळ्याच्या मध्यावर, सगळं मस्त, आणि आता खाली घ्यायचं? हो. कारण त्या क्षणी बोटांना सोडायची घाई होते, आणि बोटांनी नाही तर तुम्ही ठरवायचंय सोडायचं की नाही. मित्राला मागे उभं करा, तो मधेच कधीही खाली म्हणेल, मग खालीच. पहिल्या दिवशी माझे दहापैकी चार बाण मित्राने खाली म्हटल्यावर सुद्धा गेले होते, तोंड बघण्यासारखं झालं होतं.

आणि स्वतःची रेषा ठरवून टाका. माझी सात सेकंदांची आहे: अँकर झाल्यापासून सात सेकंदांत बाण गेला नाही तर खाली. तुमची पाच असेल, नऊ असेल, व्हिडिओ काढून मोजा, तुमचे चांगले बाण किती सेकंदांत जातात ते कळेल आणि त्यावर दोन सेकंद धरा.

५. डोकं

ठोके वाढणार. सगळ्यांचे वाढतात. टोकियो ऑलिम्पिकमध्ये तिरंदाजांच्या हृदयाचे ठोके टीव्हीवर दाखवत होते, जगातले सगळ्यात भारी लोक आणि ठोके शंभरच्या पुढे पळतायत. तेव्हा धडधड थांबवायच्या मागे लागू नका, धडधडत असताना सुद्धा तीच कामं त्याच क्रमाने करता आली की झालं. (आणि हो, धडधड कमी करायला कुणी गोळी सुचवेल, त्या वाटेला जाऊ नका. बीटा ब्लॉकर तिरंदाजीत डोपिंगच्या यादीत आहेत, स्पर्धेबाहेर सुद्धा. रक्तदाबासाठी डॉक्टरांनी दिलेली असेल तर आधीच परवानगीचं बघा, गोळी स्वतःहून बंद करू नका.)

तीच कामं म्हणजे काय ते लिहून काढा. पाय, नॉक (बाणाची खाच दोरीत बसवणं), बोटं दोरीवर, धनुष्याची पकड, मान, उचलणं, ओढणं, अँकर, पाठ, सोडणं, हात तिथेच. मग यातले दोनच शब्द निवडा जे बाण मारताना मनात म्हणणार. माझे पाठ आणि तिथेच. दहा सूचना एका बाणात मावत नाहीत. आणि शब्द करायच्या गोष्टीचा पाहिजे, टाळायच्या गोष्टीचा नको, कोपर पाडू नको म्हटलं की कोपर पडतंच.

श्वास: उचलताना आत, अँकरला येईपर्यंत अर्धा सोडलेला. दोन बाणांच्या मधे मात्र सावकाश, बाहेर सोडणं आत घेण्यापेक्षा लांब. चारपर्यंत मोजत आत, सहापर्यंत मोजत बाहेर, दोनदा पुरे.

आता सरावात दडपण कसं आणायचं, कारण घरच्या मैदानावर निवांत मारलेले बाण स्पर्धेबद्दल फार काही सांगत नाहीत. कोरियाचं उदाहरण सगळे देतात, मी पण देतो, त्यांच्या महिला संघाने १९८८ पासून २०२४ पर्यंत प्रत्येक ऑलिम्पिकचं सांघिक सुवर्ण नेलंय, आणि तेच लोक स्पर्धेआधी बेसबॉलच्या स्टेडियममध्ये आरडाओरड्यात सराव करतात. आपल्याकडे स्टेडियम नसेल तर फोनवर गर्दीचा आवाज लावा, भावंडांना मागे बडबड करायला सांगा. पायऱ्या पळत चढून या आणि लगेच तीन बाण मारा. मित्राबरोबर आळीपाळीने एकेक बाण मारा, २० सेकंदांचा टायमर लावून, कारण एकास एक सामन्यात तसंच असतं आणि २० सेकंद फार लवकर जातात, त्यात एकदा उतरवून परत ओढायचं असेल तर निर्णय पहिल्या पाच-सहा सेकंदांत व्हायला लागतो.

आणि दिवसाचा एक बाण. म्हणजे कुठल्याही वेळी, अभ्यास किंवा काम करता करता उठून, खांदे मोकळे केले न केले की एकच बाण मारायचा आणि वहीत लिहायचा, दुसरा चान्स नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकची पुरुषांची फायनल आठवा, किम वूजिन आणि ब्रॅडी एलिसन ५-५, शूट-ऑफला एकेक बाण, दोघांनी १० मारले आणि किम ४.९ मिलिमीटरने जिंकला, तेवढाच काय तो मध्याच्या जवळ. त्या एका बाणाचा सराव बहात्तर बाण मारून होत नाही.

गुणांचं म्हणाल तर आठवड्यातून एकदाच मोजा. बाकी दिवस फेसशिवाय मारा, जवळून, नुसत्या गादीवर (बाण रुततात तो जाड ठोकळा), डोळे मिटून सुद्धा, आणि वहीत गुणांऐवजी लिहा किती बाण ठरवल्यासारखे सुटले आणि किती उतरवायला हवे होते पण मारले. हा दुसरा आकडा प्रामाणिकपणे लिहिणं कठीण आहे.

६. टारगेट पॅनिक, थोडंसंच

साइट पिवळ्यात गेली की बोटं आपोआप सुटतात, किंवा उलट, साइट पिवळ्याच्या खालीच अडकते आणि वर जातच नाही. हे भित्रेपणाचं लक्षण नाही, चांगल्या चांगल्यांना होतं. मेंदूने पिवळं दिसलं की सोड अशी गाठ बांधलेली असते, ती गाठ सोडवायची. पाच मीटरवर या, फेस काढून टाका, आठवडाभर नुसतं सोडणं करा. मग मोठा फेस लावा आणि साइट मध्यावर धरून नुसतं उतरवा, वीस वेळा, एकही बाण न मारता. मग तीन उतरवणं, एक मारणं. घाई नको, यात एक-दीड महिना जाऊ शकतो आणि स्पर्धा जवळ असेल तर ती गुण न धरता अनुभव म्हणून खेळा.

७. शेवटचा आठवडा

काहीही नवीन नाही. नवी दोरी नाही, नवा टॅब (बोटांवरचं चामडं) नाही, नवे बूट नाहीत, कोणीतरी सांगितलेली नवी पकड तर अजिबात नाही. बाण निम्म्यावर आणा, आदल्या दिवशी वीस-तीस पुरे. जास्तीची दोरी आधीच बाण मारून रुळवलेली असू द्या, जास्तीचा टॅब, नॉक, अ‍ॅलन की, साइटचे सगळ्या अंतरांचे आकडे कागदावर. बाणांवर नाव किंवा आद्याक्षरं, सगळे एका रंगाचे, कारण आधी साहित्य तपासणी असते. पूर्ण पाऊल झाकणारे बूट. आदल्या रात्री झोप नाही आली तरी घाबरू नका, त्याच्या आदल्या दोन रात्री नीट झोपलेले असा. चहा-कॉफी रोज जेवढी तेवढीच, धीर यावा म्हणून दोन कप जास्त घेतलेत तर साइट नाचेल.

८. त्या दिवशी

दोन शिट्ट्या झाल्या की शूटिंग लाइनवर जायचं, एक झाली की मारायला सुरुवात, तीन झाल्या की थांबायचं आणि बाण बघायला जायचं. सलग खूप वाजल्या म्हणजे धोका, ओढलेलं असेल तरी लगेच उतरवा, आणि इथे बघा, उतरवता न येणारा माणूस सगळ्यांसाठी धोका असतो. शिट्टीच्या आधी किंवा वेळ संपल्यावर बाण मारलात तर त्या एंडचा तुमचा सगळ्यात चांगला बाण जातो, तेव्हा शेवटच्या काही सेकंदांत ओढलेलं असेल आणि खात्री नसेल तर विचार करा. बाण हातातून पडला आणि लाइनपुढच्या तीन मीटरच्या रेषेच्या आत राहिला तर तो मारला असं धरत नाहीत, दुसरा लावा, घाबरून पुढे पाय टाकू नका.

सरावाच्या एंडमध्ये १० मारायचा हट्ट नको, वारा बघा, झेंडा कुठे उडतोय, बाण कुठे जमतायत. पाणी दर एंडला दोन घोट. खाणं नेहमीचंच, थोडं थोडं. सावलीत बसा, पण पूर्ण आडवे होऊ नका, अंग थंड पडतं.

वाईट बाण गेला की मी एक करतो, टॅब काढून परत घालतो. तेवढ्या तीन-चार सेकंदांत तो बाण संपतो, निदान संपल्यासारखा वाटतो. तुम्ही वेगळं काही शोधा, टोपी नीट करणं, बाणाची नॉक पुसणं, पण सरावात पण तेच करा नाहीतर त्या दिवशी आठवणार नाही. बाजूच्याचे गुण बघू नका. बघणार आहातच, मग निदान एंड संपल्यावर बघा.

टारगेटजवळ गेल्यावर गुण लिहून होईपर्यंत बाणाला हात लावायचा नाही, फेसला सुद्धा नाही. रेघेला बाण शिवत असेल तर वरचा गुण मिळतो, वाद असेल तर पंचांना बोलवा, नवीन आहे म्हणून लाजू नका, त्यासाठीच ते असतात. बाण काढायच्या आधी भोकांवर खुणा करा, नाहीतर पुढे एखादा बाण आपटून बाहेर पडला तर कुठलं भोक नवं ते सांगता येणार नाही. शेवटी स्कोअरशीटवर सही करायच्या आधी बेरीज स्वतः करा, थकलेल्या डोक्याने एकदा आणि पाणी पिऊन परत एकदा, सही झाली की मग बेरजेतली चूक तुमचीच.